कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू घरातच शू करतं, काय करावं?

या वयात दिवसा फार तर चारेक तास शू धरता येते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्या पुरणारच नाहीत. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच खाली न्या, रोज त्याच जागी. (लिफ्टपर्यंत उचलूनच न्या, नाहीतर पॅसेजमध्येच कार्यक्रम उरकतो.) तिथे केलं की त्याच क्षणी खाऊ द्या, घरी आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

घरातली जागा नुसत्या फिनाईलने पुसू नका. आपल्याला वास येत नाही, त्याला येतो, आणि ते पुन्हा तिथेच बसतं. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

नाक घासणं, ओरडणं अजिबात नको. पिल्लू फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतं. थोडं थोडं, सारखंच करत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, लघवीचा संसर्ग असू शकतो.