पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज इतके महाग का असते, आणि ते शाकाहारी असते का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते: नाही. हे चीज करताना दूध थिजवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेटच वापरावे लागते, नियमच तसा आहे. त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी ते घेऊ नये.

आता किंमत. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे प्रांत, तसेच बोलोन्या आणि मांतोवा या प्रांतांचा काही भाग, एवढ्याच टापूत हे चीज करता येते. घटक तीनच असतात: दूध, मीठ आणि रेनेट. सुमारे ४० किलोचे एक चाक (चीजचा चाकासारखा गोल, जाड गोळा) तयार व्हायला साधारण ५५० लिटर दूध लागते, म्हणजे किलोला जवळपास चौदा लिटर. तेही कोणतेही दूध चालत नाही. गायींना मुरघास (हवाबंद करून आंबवलेला चारा) घालण्यास सक्त मनाई आहे, कारण मुरघासातून दुधात येणारे काही जीवाणू कित्येक महिन्यांनी चीजच्या पोटात वायू धरतात आणि आतून ते फुगून तडकते. रसायन घालून हा दोष झाकण्याचीही परवानगी नसल्यामुळे काळजी थेट चाऱ्यापासूनच घ्यावी लागते. (त्या गोठ्यांत पंजाबातून गेलेली पुष्कळ माणसे काम करतात, आणि रेज्जो एमिलिया प्रांतातल्या नोवेल्लारा गावात त्यांचे मोठे गुरुद्वार आहे.)

काही वर्षांपूर्वी पार्माजवळच्या एका लहान चीजघरात मला सकाळभर उभे राहून हे काम पाहता आले. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवून त्यावरची साय काढून घेतात आणि त्यात सकाळचे साय न काढलेले दूध मिसळतात. मग उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या हंड्यात त्याला विरजण लावतात. हे विरजण म्हणजे आदल्या दिवशीच्या चीजची आंबवलेली निवळी. कालच्या दह्याने आजचे दही लावावे, अगदी तसे, रोज, खंड न पडता. ते पाहताना मला आजीच्या विरजणाच्या वाटीची आठवण झाली, आणि परक्या मुलखातले ते काम एकदम ओळखीचे वाटले.

रेनेट घातल्यावर दहाएक मिनिटांत दूध थिजते. ते तारांच्या मोठ्या रवीसारख्या साधनाने तांदळाच्या दाण्याएवढे बारीक मोडतात आणि हळूहळू ५५ अंशांपर्यंत तापवतात. तिथला मुख्य कारागीर दर थोड्या वेळाने कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढत होता, तळव्यात दाबत होता आणि पुन्हा बोटांनी सुटे करत होता. शेजारीच तापमापक होता, तरी आच कधी बंद करायची हे त्याने हातालाच विचारले. दाणे तळाशी बसून एकजीव झाले, की तो गोळा लाकडी फळीने वर उचलतात, तागाच्या कापडात घेतात आणि सुरीने त्याचे दोन भाग करतात. या दोन भागांना तिथे ‘जुळी’ म्हणतात. एका हंड्यातून दोनच चाके निघतात.

पुढे चाके सुमारे वीस दिवस मिठाच्या पाण्यात राहतात आणि मग फळ्यांवर मुरायला जातात. किमान बारा महिने, पुष्कळदा चोवीस किंवा छत्तीस. एवढ्या काळात ती वारंवार पुसावी आणि उलटावी लागतात, आणि गुंतवलेला पैसा तोवर अडकून राहतो. तिथली एक बँक तर ही चाके तारण म्हणून स्वीकारते आणि स्वतःच्या कोठारात सांभाळते. वर्षभर मुरल्यावर उत्पादक संघाचे (स्थापना १९३४) तज्ज्ञ येतात आणि लहान हातोडीने प्रत्येक चाक ठोकून ऐकतात. आवाज सगळीकडे सारखा, भरीव आला तरच त्यावर तापलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. आत पोकळी किंवा तडा मोठा असेल, तर सालीवरच्या खुणा खरवडून काढतात आणि ते चाक या नावाने विकता येत नाही. माझ्या मते किमतीचा सर्वांत मोठा वाटा या थांबण्याचा आणि ऐकण्याचा आहे.

विकत घेताना किसलेली भुकटी घेऊ नका, सालीसह तुकडा घ्या. सालीवर ठिपक्यांनी उमटवलेले नाव दिसायला हवे. आत पांढरे कणीदार ठिपके दिसले तर ते खराब झाले असे समजू नका. मुरताना प्रथिने फुटून तयार झालेले ते टायरोसिनचे स्फटिक असतात, आणि जुन्या चीजमध्ये ते दाताखाली कुरकुरतात.