ठेकेदारासाठी तुम्ही थांबलात, मुदत थांबली नाही

पेडण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. कळंगुटच्या हॉटेलात ते ठेकेदारामार्फत वेटर होते, पैसे तासावर. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ हा एक सीझन, पावसाळ्यात घरी, पुन्हा ऑक्टोबर २०२५ ते जानेवारी २०२६. ब्रेक शिफ्ट, म्हणजे मध्ये सुट्टी देऊन दोन तुकड्यांत पाळी, आणि लग्नाची पार्टी असली की मध्यरात्र उलटेपर्यंत काम. ओव्हरटाइम पहिल्या सीझनपासून थकलेला, शेवटच्या महिन्याचा पगारही नाही. ठेकेदार आता फोन उचलत नाही आणि हॉटेलवाले म्हणतात, ‘हा आमचा माणूस नव्हे.’ म्हापशाच्या कोर्टात दावा घालू का, असं ते विचारतात.

ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही. दावा मात्र घालू नका. या पैशांचा दावा दिवाणी कोर्ट ऐकूच शकत नाही. तिथे वकिलाची फी जाईल, वर्षं जातील आणि शेवटी चुकीच्या दारात आलात म्हणून परत पाठवतील. अर्ज करायचा तो वेतन संहितेच्या, म्हणजे पगाराबाबतच्या नव्या केंद्रीय कायद्याच्या, कलम ४५ खाली नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे. पणजीत पाटोच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे, चौकशी तिथून सुरू करा.

तुमचं सगळं प्रकरण एका गोष्टीवर अडलं आहे, ती म्हणजे तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली आणि अर्जाची मुदत तीन वर्षांची झाली. त्याआधी किमान वेतन कायदा, १९४८ होता. त्यात पैसे देय झाल्यापासून फक्त सहा महिने मिळत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असतो, तिथून मोजा. एप्रिल २०२५ चा ओव्हरटाइम ७ मे रोजी देय झाला, सहा महिने ७ नोव्हेंबरला संपले. नवा कायदा त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल, सीझनचे सात महिने, जुन्या मुदतीतच संपले होते. आणि एकदा संपलेली मुदत नवा कायदा आला म्हणून आपोआप पुन्हा जिवंत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. मे महिन्याचे पैसे ७ जूनला देय झाले, त्यांची मुदत २१ नोव्हेंबरला चालू होती. त्यांना तीन वर्षं मिळावीत असं माझं मत आहे, समोरचा वकील वाद घालेल. दुसऱ्या सीझनची मुदत शाबूत आहे.

तुम्ही लिहिता, ‘ठेकेदार म्हणाला पुढच्या सीझनला देतो, म्हणून थांबलो.’ सीझन संपला की अशी पत्रं येऊ लागतात आणि जवळजवळ प्रत्येकात हे वाक्य असतं. मला याचा राग येतो, कारण ठेकेदाराला मुदत पक्की माहीत असते आणि कामगाराला कुणी सांगितलेली नसते. पण पैसे थकलेले असताना त्याच माणसाकडे पुन्हा कामाला गेलात आणि तेव्हाही कागदावर एक ओळ घेतली नाहीत, हे तुमचंच चुकलं.

तरी ते सात महिने अर्जातून वगळू नका. उशिराला पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याची सोय जुन्या कायद्यातही होती. तुमच्याकडे कारण एकच आहे, ते व्हॉट्सॲपवरचे मेसेज. ‘सीझन संपला की हिशोब करूया’ हा मेसेज नंबर आणि तारीख दिसेल अशा रीतीने छापून घ्या. व्हॉइस मेसेज वेगळे साठवा आणि तो फोन विकू नका. माफी मिळेलच असं मी म्हणणार नाही. या अर्जावर तो अधिकारी काय म्हणेल ते त्याच्या हाती आहे.

हॉटेलचं ‘आमचा माणूस नव्हे’ फारसं मनावर घेऊ नका. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर जिथे काम केलं त्या आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते, संहितेचं कलम ४३ तेच सांगतं. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ प्रमाणे त्यांच्यावर आहे. तास किती भरले, ते मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. गेटवरच्या पंचिंग मशीनची नोंद हॉटेलकडे असणार. ती मागवून घ्यावी अशी विनंती अर्जातच करा, तो अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. ज्या व्हाउचरवर तुम्ही सही केलीत, त्यावर ‘काही येणं नाही’ एवढंच असेल तर कलम ६० पुढे ते टिकत नाही. ‘इतके रुपये मिळाले’ असं असेल तर तो पुरावा होतो, मग पैसे मिळाले नाहीत हे तुम्हाला समजावून द्यावं लागेल.

अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. त्या ‘प्रयत्न’ शब्दाच्या आड तारखांवर तारखा पडतात आणि पेडण्याहून पणजीला येण्यात कामगाराची रोजंदारी बुडते. त्याबद्दल मी फार आशा दाखवणार नाही.

जानेवारीचा पगार वेगळ्या ओळीत मागा. नोकरी सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत तो द्यायचा होता, त्यात वादाला जागाच नाही. महिनावार तक्ता करा: महिना, जादा तास, दर, देय तारीख. अर्ज याच आठवड्यात द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.