वाचकांचे प्रश्न : ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ – पुस्तक आणि पडदा

प्रश्न : २०१३चा हा चित्रपट सॉलोमन नॉर्थप या अमेरिकेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाच्या त्याच नावाच्या आत्मकथनाशी कितपत प्रामाणिक आहे?

उत्तर : सांगाडा तोच. १८४१मध्ये वॉशिंग्टनमधून अपहरण, लुइझियानातली गुलामी, १८५३च्या जानेवारीत सुटका. पुस्तकही त्याच वर्षी आलं. शब्दांकन वकील डेव्हिड विल्सन यांचं. त्यामुळे भारदस्त, अलंकारिक वाक्यं नॉर्थपचीच असतील असं धरून चालू नका.

फरक मात्र बोलके आहेत. गुलामांना नेणाऱ्या जहाजावर नॉर्थपच्या सोबतचा कैदी रॉबर्ट याला खलाशी भोसकतो, ते पडद्यावरचं. पुस्तकात तो देवीच्या रोगानं मरतो. मालक एप्सच्या मळ्यावरची गुलाम पॅट्सी स्वतःच मरण मागते, हा प्रसंगही चित्रपटाचा. पुस्तकात एप्सची बायको तिला गुपचूप मारण्यासाठी नॉर्थपला लाच देऊ पाहते. हा बदल आम्हाला खटकतो, कारण मालकिणीचा गुन्हा त्यात झाकला जातो. उलट एप्सच्या आधीचा मालक फोर्ड याची नॉर्थप पुस्तकात मनापासून स्तुती करतो, तर चित्रपट फोर्डचा दुटप्पीपणा उघडा पाडतो.

वेचलेल्या कापसाचं वजन करणं दोन्हीकडे आहे: माणशी दिवसाला साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलो; कमी भरलं की फटके. पण पेरणी, खुरपणी, उसाचं गाळप आणि आठवड्याचा शिधा यांचे तपशील हवे असतील, तर पुस्तकच उघडावं लागेल.