एसएमपीएसवर ५०० लिहिलंय, तरी गेम लावला की पीसी बंद

प्रश्न : मी साखळीचा, कॉलेजला आहे. असेंबल्ड पीसी आहे, प्रोसेसर आय-५ १२४००एफ, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॉटचा. चवथीला घरून मिळालेल्या पैशातून सेकंडहँड आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं. एसएमपीएसला कार्डला वीज देणारी ८ पिनची वायर नव्हती म्हणून दोन मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरचा) कन्व्हर्टर लावला. यूट्यूब वगैरे मस्त चालतं पण गेम लावला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी आणि पीसी रीस्टार्ट. कार्डच खराब आहे का? कार्डची कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, ५० वॉटनी एवढा काय फरक पडतो?

उत्तर : कार्ड परत करायची घाई करू नको. आणि त्या कन्व्हर्टरवर आता एकही गेम लावू नको, हे आधी सांगतो.

प्लग काढ, कॅबिनेटचं झाकण उघड आणि एसएमपीएसचा स्टिकर टॉर्च मारून वाच. मोठ्या अक्षरातलं ५०० सोडून दे, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत तेवढं बघ. मध्यंतरी फोंड्याच्या एका मुलाचा असाच पीसी माझ्याकडे आला होता, त्यावरही ५०० होतं आणि १२ व्होल्टखाली १८ अँपियर, म्हणजे १२ गुणिले १८, २१६ वॉट, बस्स. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, आणि आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात, मग ते वॉट काय कामाचे?

आता तुझा हिशोब. ३०६० चे १७० वॉट. १२४००एफ ६५ वॉटचा म्हणून विकतात पण टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ पर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धर. झाले ३३७, आणि त्यावर कार्ड मधेच क्षणभर १७० च्याही बरंच वर उडी मारतं ती वेगळीच. तेवढा झटका झेपला नाही की व्होल्टेज खाली येतं, एसएमपीएस मदरबोर्डला 'पॉवर गुड', म्हणजे वीज ठीक आहे, हा सिग्नल देणं बंद करतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो. यूट्यूबला कार्डवर लोडच नसतो म्हणून तिथे काही कळत नाही. म्हणजे प्रश्न ५० वॉटचा नाहीच, तुझे ५०० खरे आहेत का एवढाच आहे. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपियरच्या आसपास असतात, तसा घे. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ६५० घे. ८० प्लस ब्राँझ बघून घे पण ती पट्टी वीज किती वाया जाते एवढंच सांगते, आतला माल कसा आहे ते नाही, त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची ते विचार, मला तर तोच जास्त खरा पुरावा वाटतो.

कन्व्हर्टरचं म्हणशील तर, ८ पिनच्या वायरीतून १५० वॉट जायचे असतात आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या ३ तारा असतात. मोलेक्समध्ये एकच पिवळी तार. त्या फोंड्याच्या मुलाचा कनेक्टर काढला तर पांढरं प्लास्टिक कडेला तपकिरी होऊन पिनेला चिकटलं होतं, ओढून काढावा लागला. अजून थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

आणखी एक, मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या असलेला एसएमपीएस घेतलास तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी लाव. एसएमपीएसच्या बाजूच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. मी एकदा जुन्या एसएमपीएसची साटा (एसएसडीला वीज देणारी) वायर तशीच ठेवली होती, फिट बसली म्हणून, आणि बटण दाबल्याबरोबर एसएसडी गेली, घरच्या फोटोंसकट.

प्रश्न : मांद्र्याला राहतो. पावसात लाइट सारखी जाते. ६०० व्हीएचा यूपीएस गेमिंग पीसीला पुरेल?

उत्तर : नाही. व्हीए म्हणजे वॉट नव्हे, ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर बहुधा ३६० वॉटच लिहिलेलं असतं. वरचाच पीसी धरला तर ३३७ वॉट आत पोचायला भिंतीतून ४०० च्या आसपास ओढले जातात, वर मॉनिटर. १००० व्हीएच्या पुढचा बघा आणि त्यावर वॉट किती ते वाचून घ्या. विजा कडाडायला लागल्या की मात्र यूपीएस असला तरी प्लगच काढा, इंटरनेटची वायरसुद्धा. तुम्ही समुद्राजवळ आहात, तर पावसाळा संपला की एसएमपीएसची मागची जाळी बघा, स्क्रूंना गंज दिसला तर आतही खारी हवा पोचलीय असं समजा आणि धूळ ब्लोअरनी काढून घ्या, पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.