तुलांबेनचं लिबर्टी: झेपेल, पण किनारा सांभाळा

तारकर्लीत ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला) कोर्स झालाय, गाठीशी सहाच डाइव्ह आहेत, डिसेंबरात बालीला निघालोय, तर तिथल्या तुलांबेन गावचं बुडालेलं जहाज 'लिबर्टी' झेपेल का, असं विचारलंयत. झेपेल. होडीसुद्धा लागत नाही, किनाऱ्यावरून पोहत जायचं. जहाज कुशीवर पडलंय. वरचा भाग साधारण ५ मीटरवर, तळ ३० च्या आसपास. तुमच्या १८ मीटरच्या मर्यादेत भरपूर बघून होतं.

इतकं जवळ कसं, तर १९१८ साली बांधलेल्या या अमेरिकन मालवाहू जहाजाला जानेवारी १९४२ मध्ये लोम्बोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढून बालीच्या उत्तरेच्या सिंगराजा बंदराला न्यायचं होतं, पण पाणी भरत गेलं म्हणून तुलांबेनलाच किनाऱ्यावर चढवलं. वीसेक वर्षं तिथेच पडून होतं. १९६३ ला आगुंग ज्वालामुखी जागा झाला, त्या हादऱ्यांत ते घसरून समुद्रात गेलं. म्हणजे त्यावरचं प्रवाळ सगळं त्यानंतरचं!

खरी परीक्षा काठावर. वाळू नाही, नारळाएवढे गुळगुळीत काळे गोटे. पहिल्या खेपेला मी काठावरच फिन्स चढवून शहाणपणा केला. लाटेने आडवा पाडला, मास्क गेला, गुडघा फुटला. शेजारून गावातली एक बाई डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सिलिंडर घेऊन आरामात निघून गेली. फिन्स हातात ठेवा, कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घाला. डिसेंबर पावसाळ्याचा, त्यामुळे लाटा जास्त असल्या तर मुकाट्याने चहा प्या.

मुक्काम तुलांबेनलाच करा. कुटाकडच्या गाड्या तीनेक तासांनी पोचतात आणि मग जहाजावर जत्रा भरते. पहाटे गेलात तर मीटरभर लांबीचे बम्पहेड पॅरटफिश कळपाने दिसण्याची शक्यता जास्त. प्रवाळ फोडतानाचा त्यांचा कडकड आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. फोटोसाठी आत शिरू नका, तुमच्या सर्टिफिकेटात ते बसत नाही.

परतताना किंतामणीच्या घाटाने उबुडला जाऊ नका. दीड हजार मीटर उंची आहे. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होऊन अंगात वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानासारखीच काळजी तिथेही घ्यायची. त्या दिवशी अमलापुराकडून, समुद्राकाठच्या रस्त्याने या. विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी.

तारकर्लीत पाण्याखाली राहायला कमरेला वजन किती लावलं होतं आणि सूट कोणता होता, तेवढं कळवा. त्यावरून तिथलं वजन सांगतो.