सरकारी कार्यालयाच्या आवारात स्मृतिवृक्ष कोणता लावावा आणि शिल्प कसलं असावं?

तुमच्या कार्यालयाला ७५ वर्षं होताहेत, साहेबांनी आवारात एक स्मृतिवृक्ष आणि एक ‘प्रतीकात्मक शिल्प’ सुचवायला सांगितलंय, आणि कार्यालय सोलापुरातच आहे, असा तुमचा प्रश्न. मीही सोलापुरातच एका सरकारी कार्यालयात होतो, शेवटची काही वर्षं नाझर, म्हणजे कार्यालयाचं सामानसुमान सांभाळणारा कर्मचारी, म्हणून. झेंडा, खुर्च्या, सतरंज्या, हार-नारळ आणि झाडं, सगळं माझ्याच टेबलावर. म्हणून झाडाचं नाव सांगण्याआधी एक विचारतो : मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार? माणसाचं नाव सांगा, शाखेचं नको.

आमच्याकडे दर जुलैला वनमहोत्सव व्हायचा. पाहुणे यायचे, फावड्याच्या दांड्याला रिबीन, फोटो. एका वर्षी खड्डा खणायला सांगितला तर माळी हसला. म्हणाला, ‘भाऊसाहेब, खड्डा हाय की तयार. गेल्या सालचाच. पाटी तेवढी बदला.’ खरंच होतं ते. वाळलेली काडी उपटायची आणि त्याच खड्ड्यात पुढच्या पाहुण्याचं रोप. ग्रॅनाइटची पाटी मात्र डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढायची, कारण तिचं बिल निघालेलं असायचं. मार्चनंतरच्या पडताळणीत पाट्या मोजल्या जायच्या, सगळ्या हजर. झाडं कुठल्याच रजिस्टरात नव्हती, त्यामुळे ती मेली तरी तूट दिसत नसे.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१८ साली फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी अमेरिकेला ओकचं रोप भेट दिलं, पहिल्या महायुद्धात जिथे अमेरिकन सैनिक लढले त्या बेलो वुडच्या रानातलं. दोन्ही अध्यक्षांनी फावडी धरून व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर ते लावलं. काही दिवसांतच ते उपटून क्वारंटाइनमध्ये न्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी ते मेल्याची बातमी आली. आता दुसरं टोक. सांचीजवळ बौद्ध विद्यापीठाच्या नियोजित जागेवर २०१२ साली श्रीलंकेचे अध्यक्ष राजपक्षे यांनी बोधिवृक्षाचं रोप लावलं. त्याला जाळी, टँकरचं पाणी, चोवीस तास पहारा. लोक त्याला ‘व्हीव्हीआयपी झाड’ म्हणून हसतात, खर्चाचे आकडे काढतात. मला नाझर म्हणून त्यात एवढंच दिसतं, की त्या झाडावर कुणाची तरी ड्यूटी लावलेली आहे.

दुसरी अडचण मुहूर्ताची. वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. कोकणाला ते ठीक. आपल्या सोलापुरात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरात. जुलैचं रोप पावसाने ओढ दिली की जातं. कार्यक्रम सप्टेंबरात ढकलता आला तर निम्मं काम झालं. पिशवीत दोन-तीन वर्षं वाढवलेलं, डोक्याइतकं उंच रोप घ्या. शेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा, त्यात भरलेलं पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं.

झाड म्हणाल तर कडुलिंब किंवा चिंच. राज्यफूल म्हणून ताम्हण हमखास सुचवलं जातं, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला ते जांभळं फुलतं तेव्हा झेंड्याशेजारी शोभतंही. पण त्याला ओलावा लागतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकत असेल तरच बघा. वड-पिंपळ भिंतीला खेटून लावलात तर पंधरा-वीस वर्षांनी बांधकाम विभागच तो तोडायचं पत्र पाठवेल. आणि दारावर अशोकस्तंभ आहे म्हणून दोन्ही बाजूंना ‘अशोक’ लावायचा मोह आवरा. नर्सरीवाला जे सरळसोट झाड देतो तो अशोक नव्हेच, आसुपालव. सीताअशोक वेगळा, त्याला केशरी-लाल गुच्छ येतात.

शिल्पाचं मात्र जपून. आमच्या आवारात दोन तळहातांवर पृथ्वीगोल असं सिमेंटचं ‘विकासाचं प्रतीक’ होतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात निळ्या ऑइलपेंटचे पापुद्रे सुटले, नंतर कुणीतरी गोळा पिवळा रंगवून घेतला. अर्ज घेऊन आलेली माणसं फोनवर सांगायची, ‘मी लाडवापाशी थांबलोय.’

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात नळीला गाठ मारलेलं पिस्तूल आहे, लक्झेंबर्गने १९८८ साली दिलेलं. त्याला पाटी लागत नाही, बघणाऱ्याला कळतं. सोलापुरात पाटी न लागणारी वस्तू कोणती? माझ्या मते धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. वडील कापडगिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, त्यांचा एक धोटा घरी आहे. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधल्या पोकळीत सुताची कांडी बसायची जागा, बाजूला सूत बाहेर काढायचं चिनीमातीचं बारीक भोक. लाकडावर एका जागी हाताने घासून घासून खोलगट झालंय, अंगठा तिथेच जाऊन बसतो. हाच माणसाच्या उंचीचा, दगडात किंवा पोलादात करून उभा करा. रंग नको, कारंजं तर मुळीच नको, नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात कोरडं कारंजं बघवत नाही.

आणि या गावात सरकारी इमारतीवरचं सगळ्यात मोठं प्रतीक कुणी निविदा काढून केलेलं नव्हतं. १९३० साली इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याला फासावर गेले. इतका इतिहास दारात असताना सिमेंटचा लाडू कशाला?

आता खरं सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर नवीन झाडाआधी आवारात फेरी मारली असती. अर्ज लिहून देणारे आणि स्टॅम्पवाले ज्याच्या सावलीत बसतात ते झाड कदाचित कार्यालयापेक्षा जुनं असेल. शहरी भागातल्या वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला आता हेरिटेज वृक्ष म्हणतात. असं झाड असेल तर स्मृतिवृक्ष तोच ठरवा. बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक काढून चारी बाजूंनी माती मोकळी करा, स्कूटरी हलवा.

आम्ही शेवटी हेच केलं. मागच्या अंगणात एक जुना कडुलिंब होता, त्याच्यावर क्लासच्या जाहिराती, झेरॉक्सचे बाण, ‘येथे थुंकू नये’, सगळं ठोकलेलं. माळ्याने दोन दिवस बसून खिळे उपटले, बिस्किटाचा पत्र्याचा डबा अर्धा भरला. ज्या वर्षी निवृत्त झालो त्या वर्षी चार्ज देताना मी झाडांची वेगळी वही केली, पहिली नोंद त्या लिंबाची आणि पुढे माळ्याचं नाव. नवे नाझर वही बघत होते, मग त्यांची नजर डब्याकडे गेली. म्हणाले, ‘आणि हे खिळे कुठल्या रजिस्टरला घेऊ?’