बाबांचा सदरा कोणी घालायचा?

प्रश्न : पक्षाघातानंतर सासऱ्यांचा उजवा हात जेमतेम हलतो. फिजिओथेरपी चालू आहे. अंघोळीपासून भरवण्यापर्यंत सगळं अटेंडंट करतो, तरी ते दिवसेंदिवस परावलंबीच होताहेत. काय करू?
– एक सून, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अटेंडंट सगळं करतो, तिथेच घोडं पेंड खातंय! फिजिओथेरपीने हाताची हालचाल सुधारू शकते. तो हात सदऱ्यात, ताटात, नळाच्या तोटीवर कसा चालवायचा, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. त्यांना घरीच बोलवा आणि त्या वेळी अटेंडंटला शेजारी उभं करा.

सदराच घ्या. पुढून उघडणारा, सैल. बाबांना पाय जमिनीला टेकतील असं बसवा. आधी उजवी, म्हणजे दुबळ्या हाताची बाही, पार कोपराच्या वर सरकवायची, मग डावी. काढताना उलट, डावी आधी. बटणांना वेळ लागेल, लागू द्या. अटेंडंटने हात मागे बांधून उभं राहायचं. (हे त्याला सर्वांत जड जाईल. तुमच्या सासूबाईंना त्याहून जड!)

इंग्लंडमध्ये २०१४च्या केअर कायद्याखाली, माणसाला स्वतःची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी अशी सेवा सहा आठवड्यांपर्यंत विनामूल्य मिळू शकते. आपल्याकडे थेरपिस्ट आणि अटेंडंट यांची सांगड घरच्यांनीच घालायची.

दुबळा हात ओढून त्यांना उठवू नका, खांदा दुखावतो. आणि हॉलमधल्या झोपाळ्यावर सध्या बसवू नका. हात टेकता येतील अशी भक्कम खुर्ची द्या.